जुन्या पाद्रा रोडवरचा ‘कोणती स्लाव्हिक?’ कोर्स: सहा रविवार, ३,६०० रुपये

क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चालवणारी मुलगी मेहनती आहे आणि मी खाली बरीच कुरकूर करणार आहे, त्यापायी तिचं गिऱ्हाईक तुटायला नको. खूण एवढीच की खाली दातांचा दवाखाना आणि वर हा क्लास. मूळचा जर्मनचा. बडोद्यातली पोरं आता पोलंड, चेक अशी कुठं कुठं शिकायला आणि नोकरीला जायला लागली, म्हणून यंदा त्यांनी हा नवा कोर्स काढला. सहा रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेबारा. रशियन, बल्गेरियन, चेक, पोलिश अशा चार स्लाव्हिक कुळातल्या भाषांची चव घ्यायची आणि शेवटच्या रविवारी आपली एक ठरवायची. मंगळबाजारात गादीवर बसून दुकानदाराला चार साड्या उलगडायला लावाव्यात आणि एकच घेऊन उठावं, तसा प्रकार. कल्पना मला एकदम पटली.

आम्ही अकरा जण. नऊ विशीतले, एक औषध कंपनीत काम करणाऱ्या बाई आणि एक मी, वय ५९, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून नुकताच मोकळा झालेला. पहिल्या दिवशी एका पोरानं मला अदबीनं सांगितलं, “अंकल, पेरेंट्सना खाली बसायचंय.”

मला भाषा कशाला हवी? कारणं दोन, आणि ती एकमेकांशी भांडतात. पहिलं, मुलगी चेकमधल्या ब्र्नो शहरात नोकरी करते. “बाबा, चेक शिका, इथं आलात की निदान दुकानात माझ्यामागे उभं राहायला नको.” दुसरं कारण नानांची वही.

नाना, म्हणजे माझे वडील, १९६४ साली कोयलीच्या रिफायनरीत फिटर म्हणून लागले. रिफायनरी सोव्हिएत मदतीनं उभी राहत होती, १९६५ मध्ये ती सुरू झाली. रशियन इंजिनिअर सोबतीला होते, दुभाषे मात्र साहेबांपुरते. फिटर लोकांनी हातवारे करून भागवायचं. नानांनी मग स्वतःची सोय केली. ऐकलेला शब्द देवनागरीत लिहायचा आणि पुढं मराठी अर्थ. दांडिया बाजारातलं घर आवरताना ती वही सापडली. लाल कापडी बांधणीची, वाणी उधारीला वापरतो तसली. “नसोस – पंप. त्रुबा – पाइप. क्ल्यूच – पाना. झद्वीश्का – मोठा व्हॉल्व्ह. दव्लेनिये – प्रेशर. गायका – नट (गाणारा नव्हे).” नाना इतके विनोदी होते हे मला ते गेल्यावर तीन वर्षांनी कळलं.

पहिला रविवार ओळखीचा. भिंतीवर एक मोठा तक्ता, त्यावर बाण: बल्गेरियन सोपी, मग रशियन, मग चेक, आणि सगळ्यात कठीण पोलिश. कारणं खाली दिलेली. बल्गेरियनमध्ये नामाच्या विभक्ती जवळजवळ उरल्या नाहीत, रशियनमध्ये सहा, चेक आणि पोलिशमध्ये सात. तीन लिंगं, म्हणून कठीण. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून कठीण. शिवाय अमेरिकेच्या फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा, म्हणजे तिथल्या वकिलातीच्या लोकांना भाषा शिकवणाऱ्या संस्थेचा आकडा: भाषा यायला ४४ आठवडे, ११०० तास. माझ्या स्टोअर्सच्या डोक्यानं लगेच हिशोब मांडला. रोज अर्धा तास धरला तर २,२०० दिवस, म्हणजे सहा वर्षं. तेव्हा मी पासष्टीत. ठीक आहे, तसंही काय करणार होतो!

पण गंमत अशी की त्या संस्थेच्या यादीत या चारही भाषा एकाच गटात आहेत. मग तक्त्यावरचे बाण कुठून आले? आणि तो हिशोब इंग्रजी बोलणाऱ्या माणसासाठी केलेला. आम्ही अकरा जण वर्गात बसलोय मराठी-गुजराती. तीन लिंगांचं भय आम्हाला? ‘तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल’ करत वाढलेली माणसं आम्ही. विभक्तीचं म्हणाल तर ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ हे मी चौथीत उभं राहून म्हटलंय, छडीच्या धाकानं. हे मी बोलून दाखवलं. क्लासवाली हसली आणि म्हणाली, “अंकल, हे स्टँडर्ड मटेरियल आहे.” माझी मुख्य तक्रार हीच. मटेरियल जसंच्या तसं उचललंय आणि समोर कोण बसलंय ते बघितलेलं नाही.

दुसरा रविवार रशियनचा. शिकवायला सत्तरीच्या एक गुजराती बाई आल्या. सोव्हिएत काळात मॉस्कोला पाच वर्षं शिकलेल्या, पायात स्पोर्ट्स शूज, आवाज खणखणीत. कोर्सचे निम्मे पैसे या तीन तासांत वसूल झाले असं मी मानतो.

त्यांनी तक्त्याकडे पाठ केली आणि फळ्यावर तीन वाक्यं देवनागरीत लिहिली: ऑन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो. खाली लिहिलं: तो आला, ती आली, ते आलं. झालं! इंग्रजीवाल्याला ज्यासाठी आठवडा लागतो ते आम्हाला दोन मिनिटांत. मग ‘म्न्ये खोलद्न’, म्हणजे शब्दशः ‘मला थंड’. इंग्रजीत माणूस स्वतःच थंड असतो. आपल्याला थंडी वाजते, रशियनलाही वाजते. ‘म्न्ये न्रावित्सा’ म्हणजे मला आवडतं, तिथंही आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण ‘मला’. ‘मी इंजिनिअर’ म्हणताना ‘आहे’ लावायची गरज नाही. नात्यांचे शब्द निघाले तेव्हा वर्गात हशाच पिकला. नवऱ्याचा भाऊ ‘द्येविर’, आपला दीर. मुलाची बायको ‘स्नखा’, संस्कृतातली स्नुषा, आपली सून. आणि नाव सांगताना मधे बापाचं नाव, ते तर आपण शाळेच्या दाखल्यापासून लावतोच.

उच्चारातही आमचा एक फायदा निघाला, तो मला ठाऊकच नव्हता. ‘चिंच’ म्हणून बघा. पहिला च आणि शेवटचा च एक नाहीत. रशियनमध्ये या दोन आवाजांना दोन वेगळी अक्षरं आहेत. माझ्या शेजारचा पटेलांचा मुलगा ‘ऊलित्सा’, म्हणजे रस्ता, याचं ‘ऊलिसा’ करत होता. मला तो आवाज जन्मजात. पुण्याची मावसबहीण माझ्या मराठीतलं ‘ने’ ऐकून हसते, पण चिंचेचा च बडोदेकरांनीही सोडलेला नाही.

आता खरं कठीण काय, ते तक्त्यावर कुठंच नव्हतं. एक, जाणे. पायी जाणे वेगळं, वाहनानं जाणे वेगळं, एका दिशेनं आत्ता जाणे वेगळं आणि नेहमी येऊन-जाऊन करणे वेगळं. बडोद्याहून सुरतेला ‘गेलो’ म्हणताना चुकीचं क्रियापद घेतलं तर ऐकणाऱ्याला वाटेल हा बाबा चालत गेला. दोन, प्रत्येक क्रियापदाची जोडी: ‘लिहीत होतो’साठी एक आणि ‘लिहून टाकलं’साठी दुसरं. ‘टाकणे’ची आपल्याला सवय आहे म्हणून कल्पना चटकन कळते, पण जोड्या पाठ कराव्याच लागतात. तीन, आघात, म्हणजे शब्द बोलताना एका अक्षरावर दिलेला जोर. तो कुठल्याही अक्षरावर पडतो, छापताना दाखवत नाहीत, आणि आघात नसलेला ओ बोलताना अ होतो.

चहाच्या सुट्टीत मी वही काढली. लिपी आदल्या आठवड्यात थोडी शिकलो होतो आणि माझी एक शंका होती. पंपाला रशियन जे पाच अक्षरी लिहितात ते इंग्रजी डोळ्यानं वाचलं तर चक्क ‘हॅकॉक’ दिसतं. ते सोडून द्या, लिपी आठवड्याभरात येते. पण ‘छान’ला पुस्तकात ‘खोरोशो’ लिहिलंय आणि नानांनी ‘खरशो’. ‘सावधान’ला पुस्तकात ‘ओस्तोरोझ्नो’, नानांचं ‘अस्तरोझ्न’. मला वाटलं नाना चुकले.

बाईंनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं. “भाई, आ कोणे लख्युं छे?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, यांनी पुस्तक बघितलंच नाही, म्हणून बरोबर लिहिलंय. जिथं आघात नाही तिथं प्रत्येक वेळी अ. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हे सहा महिने जमायचं नाही. मग त्या पुढं वाचत गेल्या आणि एका ओळीवर थांबून जोरात हसल्या. “पिरिकूर – गेटाबाहेर.” हा शब्द पुस्तकात ‘पेरेकूर’ असा, अर्थ विडीकाडीसाठी घेतलेली सुट्टी. रिफायनरीत काडी पेटवायची नाही, म्हणून नानांनी अर्थ न लिहिता जागा लिहून ठेवली होती.

तिसरा रविवार बल्गेरियन. शिकवायला प्लोवदिवला डॉक्टरकी करून आलेला मुलगा. शिकवणं बेताचं, पण भाषा मजेची. तक्ता म्हणतो सोपी, कारण विभक्ती नाहीत. पण मला विभक्तीची अडचणच नव्हती, मग ती नसण्याचा फायदा काय? उलट क्रियापदांनी घाम फोडला, काळ मोजले तर नऊ. ‘क्निगा’ म्हणजे पुस्तक आणि ‘क्निगाता’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक, इंग्रजीतला ‘द’ इथं शब्दाच्या शेपटीला. एक गोष्ट मात्र काळजात घुसली. ‘तो गेला’ हे मी स्वतः पाहिलं असेल तर ‘तोय ओतीदे’, आणि कुणाकडून कळलं असेल तर ‘तोय ओतीशल’. म्हणजे आपलं ‘म्हणे’! ‘तो म्हणे गेला.’ अख्खं ‘म्हणे’ त्यांनी क्रियापदात कोंबलंय. गल्लीतल्या बातम्या सांगायला याहून चांगली भाषा नसेल. बल्गेरियन माणूस ‘नाही’ला मान खाली-वर करतो आणि ‘हो’ला आडवी हलवतो हे सांगितल्यावर पोरं उरलेला वेळ तेवढंच करत बसली.

याच दिवशी बल्गेरियनच्या झेरॉक्स वाटल्या, त्यात अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट नव्हता म्हणे. ओतीशल. चार पानं चौकोन आणि त्याचे वेगळे ६० रुपये. मी परत मागितले, दिले.

चौथा रविवार चेकचा, म्हणजे माझ्या मुलीचा. ब्र्नोला शिकून आलेला बडोद्याचाच मुलगा. त्यानं पहिलाच धक्का दिला: आम्ही घरी दोन वर्षं ‘बरनो’ म्हणतोय ते चूक. त्यात अ नाहीच. ब आणि न यांच्या मधे र स्वतःच स्वराचं काम करतो. मी वहीत ‘बृनो’ लिहिलं, अगदी कृष्णातला कृ असतो तसा, आणि त्याला ऐकवलं. तो म्हणाला, परफेक्ट. बोटाला ‘पृस्त’, मानेला ‘कृक’. आणि लांडग्याला जे म्हणतात त्यात ल स्वर होतो, ‘व्ऌक’, संस्कृतातला वृकच तो. आयुष्यभर वर्णमालेतला ऌ मी फक्त ‘क्ऌप्ती’साठी राखून ठेवलेला बघितला होता, तिकडे तो रोज जंगलात फिरतोय. आघात कायम पहिल्या अक्षरावर, ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर आणि लिपी रोमन, फक्त वर टोप्या आणि काने. त्यांचा तो र आणि झ एकाच वेळी म्हणायचा आवाज मात्र मला शेवटपर्यंत आला नाही. कवळीचा दोष असावा. खाली दवाखाना होताच.

मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं की पुस्तकात ‘दोब्री’ (चांगला) शिकाल आणि प्रागच्या बाजूला लोक ‘दोब्रेय’ म्हणतील, ब्र्नोकडची तऱ्हा आणखी निराळी. यात नवल काय, मीही घरी एक मराठी बोलतो आणि लग्नपत्रिकेत दुसरी लिहितो. त्यानं अजून एक इशारा दिला: रशियन आणि चेक एकदम सुरू करू नका. चेकमध्ये ‘चेर्स्त्वी’ पाव म्हणजे ताजा. रशियनमध्ये ‘चोर्स्त्वी’ पाव म्हणजे शिळा, कडक झालेला. हिंदीवाला ‘शिक्षा’ घ्यायला येतो आणि मराठी माणूस घाबरतो, त्यातलाच प्रकार.

पाचवा रविवार पोलिश, पडद्यावरून. शिकवणारी व्रोत्स्वाफची मुलगी. मी ते शहर नकाशावर ‘व्रोक्लाव’ वाचत होतो. तीन तासांत इंटरनेट सात वेळा गेलं, आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड एखादा अवघड आवाज काढतानाच थिजायचं. भुंग्याच्या जातीच्या किड्याला ‘ख्शोंश्च’ म्हणतात, ते म्हणताना ती दीड मिनिट तशीच राहिली. याचे निम्मे पैसे परत द्यायला हवे होते.

जेवढं झालं तेवढं चांगलं होतं. पोलिशबद्दल लोक घाबरतात ते लिहिण्याला. एकदा जोडाक्षरं कळली की वाचणं सरळ आहे, आघात जवळपास नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. अनोळखी माणसाशी बोलताना ‘तुम्ही’ नसून ‘पान’ आणि ‘पानि’ लावून तृतीयपुरुषात बोलायचं: ‘साहेब चहा घेणार का?’ असं, थेट साहेबांनाच. अनेकवचनात पुरुष असतील तर ‘ओनि’, बायका किंवा मुलं असतील तर ‘ओने’. इंग्रजीवाले यावर डोकं धरतात म्हणे. आपण ते पुरुष, त्या बायका आणि ती मुलं असे तीन ढीग करतो, यांचे दोनच.

मी सहज म्हटलं की माझं आजोळ कोल्हापूर. ती एकदम पुढं झुकली. वळिवडे? तिला नाव पाठ होतं! दुसऱ्या महायुद्धातले पाचेक हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले होते. आजी सांगायची, बाजारात गोऱ्या बायका बोटांनी आणे मोजून भाजी घ्यायच्या. इकडे जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला, त्यांच्या नावानं वॉर्सात चौक आहे, ‘चांगल्या महाराजांचा’. मुलगी हे सांगत असतानाच आठव्यांदा नेट गेलं आणि मग आलंच नाही.

सहावा रविवार ठरवण्याचा. प्रत्येकाला क्लासवालीबरोबर पाच मिनिटं. अकरापैकी आठ जणांना तिनं पोलिश सुचवली. पोलिशची पुढची बॅच तिच्याकडेच आहे, १८,००० रुपये. ज्या मुलाला पोलंडमध्येच जायचंय त्याला सल्ला बरोबर आहे. पण औषध कंपनीतल्या बाईंचा सगळा पत्रव्यवहार बल्गेरियातल्या सोफिया शहराशी, त्यांना पोलिश कशाला? त्यांनी बल्गेरियनच धरली आणि चांगलं केलं. एका मुलीचा भाऊ २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर खारकीवहून परत आला होता, तिनं युक्रेनियनचं विचारलं. तर “तेच ते, रशियन घे” असं उत्तर. तेच ते अजिबात नाही. युक्रेनियनचे कितीतरी शब्द रशियनपेक्षा पोलिशला जवळचे आहेत. ती घरातूनच कान तयार करून आलेली पोरगी, तिला एवढं सांगायला काय जात होतं?

मी रशियन घेतली. मुलगी फोनवर दोन दिवस तुटक बोलली. तिला म्हटलं, तुझ्याकडे येईन तेव्हा दुकानात तुझ्यामागे उभा राहीन, मला चालतं. ब्र्नो बरोबर म्हणून दाखवलं तेव्हा जरा निवळली. रशियनच्या बाई फतेगंजला घरी शिकवतात, आठवड्यातून दोनदा, तिथं जातो. ज्यांना रीतसर परीक्षा, सर्टिफिकेट हवं त्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात चौकशी करावी, आर्ट्स फॅकल्टीत रशियनचा विभाग आहे आणि फीला घाबरायचं कारण नाही.

तर कोर्सला पाचांपैकी साडेतीन. रशियन आणि चेकचे रविवार सोन्यासारखे, बल्गेरियन चालेल, पोलिशला तुमचं नशीब. तक्त्याकडे बघू नका. पहिल्या रविवारी उशिरा गेलात तरी काही बुडत नाही. एसी मागच्या ओळीवर ठिबकतो. स्कूटर समोरच्या गल्लीत लावा, खाली लावली तर दवाखान्याचा वॉचमन हवा सोडतो, हे स्वानुभवानं.

आणि एक. बाईंनी नानांच्या वहीची झेरॉक्स मागून घेतली. पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी हीच पानं वाटणार म्हणाल्या. निदान त्यात चौकोन नाहीत.